सेटवरचा नॉब आणि संगणकाची तार

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटले आणि हिंदुस्थानातल्या हौशी रेडिओवाल्यांना लेखी हुकूम आले: प्रक्षेपणाची यंत्रे पोलिसांच्या ताब्यात द्या. हे हुकूम फार जणांना धाडावे लागले नसणार. अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना १९२१ साली देशातला पहिला हौशी परवाना मिळाला, आणि तिशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत परवानेधारकांची संख्या पन्नासच्या आतच होती. त्यांची यंत्रे बहुतेक घरी जुळवलेली असत. लाकडी फळीवर किंवा पत्र्याच्या पेटीत व्हॉल्व्ह, हाताने गुंडाळलेल्या तांब्याच्या कॉइली, आणि पुढच्या बाजूला बेकेलाइटचे काळे नॉब.

हा नॉब म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा सगळा इतिहास कळत नाही. त्याच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला गँग कंडेन्सर असे. अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचे दोन संच, एक स्थिर आणि एक फिरणारा. नॉब फिरवला की फिरत्या पट्ट्या स्थिर पट्ट्यांच्या मधल्या फटींत शिरत, धारिता बदले आणि तिच्याबरोबर कंप्रता बदले. बोटांची हालचाल थेट विजेच्या मंडलात उतरत होती. मधे दुसरे काहीच नव्हते. म्हणूनच खोली तापली, व्हॉल्व्ह गरम झाला किंवा टेबलाला धक्का लागला तरी स्टेशन सरकायचे, आणि माणसाला हात परत नॉबवर न्यावा लागायचा.

या हातांचे कसब १९४२ साली मुंबईत फार मोठ्या कामी आले. 'छोडो भारत'ची घोषणा झाली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास खाकर आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त रेडिओ केंद्र चालवायचे ठरवले. यंत्र उभे करायला त्यांना लागणारा माणूस हौशी रेडिओवाल्यांतच मिळाला. तो माणूस म्हणजे नरिमन प्रिंटर, परवान्यावरचा संकेत (कॉल साइन) व्हीयू२एफयू. युद्धकाळात 'आझाद हिंद रेडिओ' नावाचे केंद्र चालवल्यामुळे त्यांना आधी अटकही झाली होती. शिकागो रेडिओचे नानिक मोटवानी यांची मदत मिळाली. ऑगस्टच्या अखेरीस 'काँग्रेस रेडिओ' बोलू लागला, ४२.३४ मीटरवर.

हा आकडा हौशी माणसाच्या लगेच डोळ्यांत भरतो. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आजही भारतातले हौशी रेडिओवाले रोज सकाळी जिथे भेटतात, तो हाच ४० मीटरचा पट्टा. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागत होती. जागा बदलली की एरियल नव्याने टांगायचे, आणि एरियल बदलले की यंत्र पहिल्यापासून जुळवायचे. ते जुळवणारे हात नसते तर १२ नोव्हेंबर १९४२ च्या धाडीपर्यंत हे केंद्र टिकले नसते. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. या प्रसंगातले धैर्य सर्वांना ठाऊक आहे. त्यामागच्या तांत्रिक हातोटीची दखल मात्र अजून पुरेशी घेतली गेलेली नाही.

युद्ध संपले, १९४६ पासून तात्पुरते परवाने पुन्हा मिळू लागले. १५ मे १९४८ रोजी महू इथल्या लष्कराच्या सिग्नल्स शाळेत 'अॅमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया' स्थापन झाला, आणि १९५४ मध्ये तो दिल्लीला जाऊन 'अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' झाला. लष्कराशी असलेले हे नाते केवळ जागेपुरते नव्हते. पुढची दोन-तीन दशके भारतीय हौशी माणसाच्या टेबलावर दिसायचे ते बहुतेक लष्कराने मोडीत काढलेले व्हॉल्व्हचे सामान. मुंबईत चोर बाजार पालथा घालायचा, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधायचे, आणि रणगाड्यात किंवा विमानात बसवण्यासाठी बनलेला सेट घरी आणून हौशी पट्ट्यांवर बसवायचा. ते नॉब हातमोजे घालूनही फिरवता यावेत असे मोठे असत.

विदर्भातल्या माणसाची वाट नागपुरातून जायची. परवान्याची परीक्षा दिल्ली, कलकत्ता, मुंबई, मद्रास इथे दर महिन्याला होई, तर नागपूर, अहमदाबाद आणि हैदराबाद इथे दर दोन महिन्यांनी. चंद्रपूरचा असो की अमरावतीचा, उमेदवार नागपूरला यायचा. लेखी पेपरात रेडिओचे शास्त्र आणि नियम, आणि त्यानंतर मोर्सची परीक्षा: दुसऱ्या श्रेणीसाठी मिनिटाला ५ शब्द, पहिल्या श्रेणीसाठी १२. कानाने घ्यायचे आणि हाताने पाठवायचे. सरकारच्या लेखीही हौशी रेडिओ ही हाताची विद्या होती.

साठीच्या दशकाच्या मध्यावर एक बदल झाला आणि नॉबवरचा भार एकदम वाढला. जुन्या एएम पद्धतीत आवाजाबरोबर एक वाहक लहर जात असे. ऐकणारा थोडा इकडेतिकडे असला तरी बोलणे समजायचे. सिंगल साइडबँड, म्हणजे एसएसबी, पद्धतीत वाहक लहर आणि आवाजाची एक बाजू काढून टाकतात. ताकद वाचते, जागा वाचते, पण ऐकणाऱ्याचा सेट अगदी नेमका लागावा लागतो. शे-दोनशे हर्ट्झचा फरक पडला तरी माणसाचा आवाज विचित्र होतो, आणखी सरकले तर काही कळेनासे होते. सात मेगाहर्ट्झवर शंभर हर्ट्झ म्हणजे सत्तर हजारांतला एक भाग! घरच्या कॉइलीने एवढी स्थिरता देणे सोपे नव्हते.

अमेरिकेत कॉलिन्स कंपनीने याला यांत्रिक उत्तर आधीच शोधले होते. त्यांच्या यंत्रांत कंडेन्सरऐवजी कॉइलच्या पोटात सरकणारा गाभा होता, आणि नॉबच्या प्रत्येक फेऱ्याला कंप्रता सारख्याच अंतराने बदले. १९५७ चा केडब्ल्यूएम-१ आणि १९५९ चा केडब्ल्यूएम-२ यांनी पाठवणे आणि ऐकणे एकाच पेटीत, एकाच नॉबवर आणले. ट्रान्सीव्हर हा शब्द रूढ झाला तो अशाच यंत्रांमुळे. त्यांची किंमत भारतीय माणसाच्या आवाक्यातली नव्हती. सत्तरीच्या सुरुवातीला जपानच्या याएसू कंपनीचा एफटी-१०१ आला आणि जगभर हौशी टेबलांवर पसरला. त्यात बराचसा भाग ट्रान्झिस्टरचा होता, फक्त शेवटच्या टप्प्यांत व्हॉल्व्ह. त्या व्हॉल्व्हसाठी पुढच्या बाजूला 'प्लेट' आणि 'लोडिंग' असे दोन नॉब होते. पट्टा बदलला की सुईकडे पाहत विजेचा प्रवाह कमीत कमी होईल तिथे प्लेट आणायची, मग लोडिंग वाढवायचे, पुन्हा प्लेट. हे काही सेकंदांत उरकावे लागे. रेंगाळलात तर व्हॉल्व्ह भाजून निघत.

भारतात १९७० पर्यंत हौशी परवानेधारक हजारही नव्हते, १९८० मध्ये सुमारे १,५००. आयातशुल्काची भिंत उंच होती. १९८४ मध्ये राजीव गांधी यांनी बिनतारी सामानावरचे आयातशुल्क माफ केले. ते स्वतः परवानेधारक होते, संकेत व्हीयू२आरजी. त्यानंतर संख्या सतत चढत गेली आणि २००० पर्यंत दहा हजारांवर पोहोचली. या माफीचे महत्त्व संख्येपुरते नाही. दार उघडले तेव्हा बाहेर नेमके काय विकले जात होते, ते पाहायला हवे. त्याच काळात जपानी ट्रान्सीव्हरचे पोट बदलत होते.

बाहेरून पाहिले तर नॉब तसाच होता, उलट जास्त जड, जास्त गुळगुळीत. पण त्याच्या दांड्याला आता कंडेन्सर नव्हता. एक खाचांची चकती होती, तिच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग. नॉब फिरला की प्रकाशाची उघडझाप होई, मायक्रोप्रोसेसर ती मोजे आणि त्यानुसार स्फटिकाच्या आधाराने कंप्रता तयार करणाऱ्या मंडलाला हुकूम देई. माणसाचा हात मंडलापासून सुटला तो या क्षणी. संगणक टेबलावर यायच्या आधीच तो पेटीत शिरला होता. स्थिरता आली, स्मृती आली, आकडे झळकू लागले. आणि नॉबवरून येणारा हुकूम जर फक्त आकड्यांचा असेल, तर तोच हुकूम तारेतून बाहेरून का देऊ नये, हा प्रश्न आपोआप पुढे आला.

ऐंशीच्या दशकात याएसूने 'कॅट' नावाने, आयकॉमने 'सीआय-व्ही' नावाने आपापल्या सेटांना संगणकाची तार जोडायची सोय केली. केनवूडची भाषा तिसरीच. एका कंपनीचे हुकूम दुसऱ्या कंपनीच्या सेटला कळत नसत. हा गोंधळ निस्तरायला २००० च्या सुमारास 'हॅमलिब' नावाचा खुला प्रोग्रॅम-संग्रह उभा राहिला. आज अनेक प्रोग्रॅम त्याच्याच आधाराने सेटशी बोलतात.

दरम्यान नव्वदीच्या अखेरीस अमेरिकेतल्या दोन कंपन्यांनी सरळ शेवटचे पाऊल टाकले. कचिना कंपनीने ५०५डीएसपी हा सेट आणला, आणि पाठोपाठ टेन-टेकने पेगासस. दोन्हींच्या पुढच्या बाजूला नॉबच नव्हते. काळी पेटी टेबलाखाली ठेवायची, तार संगणकाला जोडायची आणि सगळे पडद्यावर माउसने करायचे. तर्काने पाहता यात चूक काहीच नव्हती. पेटी तीच, कामगिरी चांगली, किंमत आटोक्यात. पण माउसने स्टेशन लावणे लोकांच्या हाताला रुचले नाही. टेन-टेकने आधी पेगाससला जोडायला वेगळा नॉब विकायला काढला. मग फार काळ न जाता तेच पोट ठेवून, पुढे नॉब आणि पडदा बसवून ज्युपिटर नावाचा सेट आणला.

याची पुनरावृत्ती पुढे झाली. जेराल्ड यंगब्लड यांनी २००२ साली 'क्यूईएक्स' या अमेरिकी नियतकालिकात लेखमाला लिहून दाखवून दिले की रेडिओचे बहुतेक काम संगणकाच्या साउंड कार्डातून, प्रोग्रॅमने करता येते. त्यातून फ्लेक्सरेडिओ कंपनी आणि एसडीआर-१००० हा सेट उभा राहिला. संगणकाशिवाय तो एक मुकी पेटी होता. पण याच कंपनीने काही वर्षांत संगणकाला जोडायचा सुटा नॉब काढला आणि नंतर 'माएस्ट्रो' नावाचा नॉब व पडदा असलेला अख्खा दर्शनी भाग. २०१६ मध्ये आलेला आयकॉमचा आयसी-७३०० आतून जवळजवळ संपूर्ण संगणक आहे. एरियलवरचा संकेत तो सरळ आकड्यांत बदलतो. तरी त्याच्या टचस्क्रीनशेजारी एक भला मोठा नॉब आहे, आणि तो अलीकडच्या काळातल्या सर्वांत लोकप्रिय हौशी सेटांपैकी एक ठरला.

असे का व्हावे? सवय हे उत्तर अर्धवट आहे. माहीत असलेल्या ठिकाणी जायचे असेल तर आकडा टंकणे सर्वांत सोयीचे. पण हौशी माणूस बहुतेक वेळ कुठे जायचे हे माहीत नसताना फिरत असतो. खरखरीतून एखादा क्षीण आवाज येतो, बोट थबकते, केसभर मागे जाते, पुन्हा पुढे. कान आणि बोट यांच्यात पडदा नको असतो. नागपुरात कळमन्याच्या धान्य बाजारात ओलावा मोजायचे यंत्र हाताशी असले तरी मुरलेला व्यापारी आधी मूठभर दाणे तळहातावर घेऊन चोळून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय दृष्टिहीन रेडिओवाल्यांसाठी नॉब ही सोय नाही, गरज आहे. कुठला नॉब कुठे, तो किती फिरला, हे बोटांना कळते. सपाट काचेवर बोटांना काहीच सापडत नाही. या छंदात दृष्टिहीनांची मोठी परंपरा आहे, आणि रचनाकारांनी तिचा विचार फार उशिरा केला, हे स्पष्ट म्हणायला हवे.

आता दुसरी बाजू. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ बरोबर 'हॅमसॅट' हा ४२.५ किलोचा उपग्रह सोडला. हौशी रेडिओवाल्यांसाठी इस्रोने बनवलेला हा उपग्रह जगभर व्हीओ-५२ म्हणून ओळखला गेला. ४३५ मेगाहर्ट्झवर त्याच्याशी बोलायचे, १४५ मेगाहर्ट्झवर त्याचे ऐकायचे. तो डोक्यावरून दहा-पंधरा मिनिटांत निघून जाई आणि त्या वेळात डॉप्लर परिणामामुळे कंप्रता कित्येक किलोहर्ट्झ सरके. पाठवायची वेगळी, ऐकायची वेगळी. दोन हातांनी दोन नॉब फिरवत, त्याच वेळी एरियल वळवत, वर बोलणे लिहून घेणे हे कसरतीचे काम होते. संगणक मात्र उपग्रहाची कक्षा गणिताने काढून दोन्ही कंप्रता आपोआप दुरुस्त करी. जुलै २०१४ मध्ये बॅटरी निकामी होऊन हॅमसॅट थांबला. त्या नऊ वर्षांत अनेकांनी सेटला संगणकाची तार पहिल्यांदा जोडली असेल तर ती याच उपग्रहासाठी.

संकटाच्या वेळी गणित पुन्हा उलटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा, किंवा २६ डिसेंबर २००४ ला अंदमानात त्सुनामी आली तेव्हा, हौशी रेडिओवाले निरोप पोहोचवायला पुढे आले. पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद यांचा गट दुसऱ्याच कामासाठी, जगभरच्या हौशींशी संपर्क साधायला, गेलेला होता. ते थांबवून त्यांनी निरोपांचे काम हाती घेतले. वीज नसलेल्या ठिकाणी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, नॉब फिरवताच बोलणारा सेट उपयोगी पडतो. तिथे संगणक हा आणखी एक बिघडू शकणारा दुवा असतो.

भारतातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा मात्र नागपूरच्या दक्षिणेला, हैदराबादेत घडला, आणि त्याची कारणे वेगळीच होती. अशर फरहान, संकेत व्हीयू२ईएसई, यांनी २००३ च्या सुमारास 'बिटएक्स' नावाची रचना प्रसिद्ध केली: १४ मेगाहर्ट्झवर सहा वॅटचा एसएसबी ट्रान्सीव्हर, ज्यात एकही दुर्मीळ भाग नाही. फेराइटची कडी मिळत नसेल तर नळाच्या नायलॉनच्या वॉशरवर कॉइल गुंडाळा, असे त्यात सांगितले होते. शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० हा स्विचिंगसाठी बनलेला स्वस्त मॉस्फेट. आयात सेट आता शुल्काविना येत असले तरी विद्यार्थ्याला परवडणारे नव्हतेच. त्यामुळे ही रचना केवळ भारतात नव्हे, जगभर बनवली गेली.

पण तिच्यात एक दुखरी जागा होती, तीच जुनी: कंप्रता कशी फिरवायची. गँग कंडेन्सर बाजारातून नाहीसा होत चालला होता, कारण तो वापरणारे रेडिओच बनणे थांबले होते. व्होल्टेजने धारिता बदलणारा व्हॅरॅक्टर डायोड वापरला तर तापमानाबरोबर कंप्रता सरके. २०१६ च्या अखेरीस फरहान यांनी ४० मीटरचा बिटएक्स४० तयार बोर्डाच्या रूपात विकायला आणला, साठ डॉलरच्या आत. हैदराबादेतल्या स्त्रियांचा एक गट हे बोर्ड जुळवत असे. सुरुवातीच्या बोर्डात व्हॅरॅक्टरच होता. लवकरच त्याच्या जोडीला 'राडुइनो' आली: आर्डुइनो नॅनो हा चिमुकला संगणक, एक एसआय५३५१ ही घड्याळी चिप आणि दोन ओळींचा पडदा. नॉब होता साधा पोटेन्शिओमीटर, आवाज कमीजास्त करायला वापरतात त्याच जातीचा. आर्डुइनो त्याचे व्होल्टेज वाचून कंप्रता ठरवी.

प्रगत देशांत संगणक ट्रान्सीव्हरमध्ये आला तो चैनीची सोय म्हणून. इथे तो आला बाजारातून हरवलेल्या पत्र्याच्या भागाची जागा भरायला, कारण तोच आता जास्त स्वस्त आणि जास्त सहज मिळणारा होता. आणि आला तोही नॉब हिरावून न घेता. त्यातला प्रोग्रॅम खुला असल्यामुळे सोल्डरिंग शिकलेला हौशी माणूस त्याच टेबलावर कोड लिहायलाही शिकला. कळमन्यात गच्चीवर सुमारे वीस मीटर तार मधोमध कापून टांगली आणि बिटएक्स४० ला बारा व्होल्ट दिले, तर सकाळच्या प्रहरी सहा-सात वॅटमध्ये हैदराबादशी बोलता येण्याजोगे ते अंतर आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये ३ ते ३० मेगाहर्ट्झचा मायक्रोबिटएक्स आला, त्यात नॉबचे फिरणे मोजणारा एन्कोडर. त्याच वर्षी जगात दुसरी लाट उठली. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँक यांनी एफटी८ ही पद्धत प्रसिद्ध केली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, ५० हर्ट्झची रुंदी, आणि कानाला ऐकूही न येणारे संकेत संगणक उलगडतो. सेट एका ठरलेल्या कंप्रतेवर लावून ठेवायचा. नॉबला इथे जवळपास कामच उरत नाही. कमी ताकदीच्या, शहरी कोलाहलात अडकलेल्या केंद्रांना यामुळे जग खुले झाले. आवाजाची भेट मात्र कमी झाली, आणि ही खंत खरी आहे.

फरहान यांनी २०२२ मध्ये एसबिटएक्स आणला तो या दोन्ही गरजा ओळखून. आत रास्पबेरी पाय हा छोटा लिनक्स संगणक, पुढे सात इंची टचस्क्रीन, एफटी८ सेटमध्येच. घरातल्या दुसऱ्या खोलीतून फोनच्या ब्राउझरवरही तो चालवता येतो. पडद्याबरोबर दोन नॉब दिले आहेत. एका टिचकीला कंप्रता दहा हर्ट्झने सरकावी की हजाराने, हे वापरणारा ठरवतो. सगळा प्रोग्रॅम सी भाषेत, सर्वांसाठी खुला आहे, आणि वापरणाऱ्यांनी त्यात फेरफार करून आपापल्या आवृत्त्या काढायला लगेच सुरुवातही केली.